डावा बाण

टाके काढायची उसवणी मॅटच्या कडेच्या पट्टीखाली सरकवून मी पहिला टाका तोडला तेव्हा सात वाजून गेले होते. अकराला शमू येणार होती.

मॅट फरशीवर पालथी पडली होती. डान्स मॅट. तिची वायर टीव्हीला जोडायची, गाणं सुरू होतं, पडद्यावर खालून बाण वर चढत येतात आणि जो बाण येईल त्यावर पाय टाकायचा. पुढचा, मागचा, उजवा, डावा. आदल्या संध्याकाळी सहज म्हणून लावून बघितली, तर डावा बाण मेलेला. टाचेनं दाबला, दोन्ही पायांनी उड्या मारल्या, शेवटी गुडघे टेकून तळव्यांनी चेपला. पडद्यावरचा बाण माझ्या तोंडासमोरून वर निघून जायचा आणि खाली लाल अक्षरांत ‘मिस’ उमटायचं.

चूक माझीच, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. माझी आई चांगल्या साड्या घडी करून गादीखाली ठेवायची. वर माणूस झोपला की इस्त्रीचं काम नाही. मॅटलाही मी तीच माया लावली. रविवारी शमू गेली की चार घड्या घालून गादीखाली, आणि पुढच्या फेरीपर्यंत मी तिच्यावर झोपायची. चौदा दिवस. घडी नेहमी त्याच जागी. आत प्लॅस्टिकवर बारीक काळ्या रेघा असतात, त्यांतूनच सगळं चालतं आणि घडीवर त्या तुटतात, हे मला कोण सांगणार होतं?

शमू म्हणजे शाल्मली, माझी मुलगी. तेव्हा सात वर्षांची. ती सांगलीत तिच्या वडिलांकडे आणि आजीकडे राहायची. मी मिरजेत, एका खोलीत, फॉल-पिको आणि ब्लाउजच्या कामावर. एक रविवार सोडून एक रविवार, अकरा ते पाच, असं कोर्टानं ठरवून दिलेलं. मी त्या घरातून निघाले तेव्हा शमूला ताप होता. झोपलेली होती. तिला उठवून, तशा तापात नेणार कुठे, म्हणून तिच्या वडिलांना, सत्यजितला, म्हणाले, चार दिवसांत नेते. त्या चार दिवसांना दीड वर्ष झालं होतं.

आणि दोनच दिवसांनी, मंगळवारी, कोर्टातल्या समुपदेशक बाई शमूला एकटीला बसवून विचारणार होत्या: मेच्या सुट्टीत पंधरा दिवस आईकडे मुक्कामाला राहशील का? वकील म्हणाले होते, “पोरगी काय बोलते त्यावर सगळं आहे, ताई. तिला घर आवडायला पाहिजे. काहीतरी असू दे घरात.”

घरात होतं काय? शिलाईचं मशीन, घरमालकिणीनं वापरायला दिलेला जुना डबा टीव्ही, आणि बाजारात जुन्या सामानात सापडलेली ही मॅट. पहिले तीन रविवार शमू पाठीवरची बॅगसुद्धा न काढता दाराजवळ बसून राहिली होती. विचारलं तर “हं”, नाही विचारलं तर तेही नाही. चौथ्या रविवारी मॅट आली आणि तिनं बॅग काढली. तेव्हापासून ती नाचायची, घामेघूम व्हायची, ‘परफेक्ट’ आलं की माझ्याकडे बघायची. मी कॉटवर बसून टाळ्या वाजवायची. पाच कधी वाजायचे कळायचं नाही.

म्हणून मी सकाळपासून मॅट उसवत होते.

एका कोपऱ्यात पट्टी वीतभर वेगळ्याच दोऱ्यानं शिवलेली होती. काळ्या पट्टीवर राणी रंगाचा दोरा, टाके मोठे, वाकडेतिकडे. असेल आधीच्या कुणा घरातल्या बाईचं, असं मनात आलं. तेवढे टाके हिसडूनच काढले. आत स्पंजचा थर निघाला, बाणांच्या जागी त्याला गोल भोकं पाडलेली. स्पंजच्या वर एक प्लॅस्टिक, खाली एक. दोन्हींवर काळ्या रेघा. पाय पडला की वरचं प्लॅस्टिक भोकातून खालच्याला टेकत असणार, एवढं माझ्यासारखीलाही समजलं.

घडीची खूण पांढरी पडली होती. त्या खुणेवर, प्रत्येक रेघेवर मी चपात्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पुन्हा सगळं एकावर एक रचलं, टीव्ही लावला, डाव्या बाणावर उभी राहिले.

मिस.

नऊ वाजत आले होते. मी मॅटवर तशीच बसले आणि मग मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा घातला, पण खालच्या मजल्यावर मकबूलचाचांचे कान होते. सतारी बनवणाऱ्याचे कान.

ते जिन्यातूनच ओरडले, “काय करालीस गं सकाळी सकाळी? घर पाडालीस का?”

“काही नाही, चाचा.”

“काही न्हाई तर एवढं धाडधाड कशाला?” तोवर ते दारात आले. कानावर पेन्सिल, हाताला लाखेचा वास. पसरलेला पसारा त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारपूस न करता खाली बसले. “आज पोरगी येणार न्हवं?”

“अकराला.”

“मग रडायला टाइम हाय व्हय तुला? आण तो चष्मा. न्हाई, माझ्याच डोक्यावर हाय.”

प्लॅस्टिकवर बोट फिरवत ते डाव्या बाणापासून रेघ धरून निघाले. घडी ओलांडली, पुढे गेले, पार कडेपर्यंत. तिथं थांबले.

“घडी तिथं हाय. तुटलंय हितं.”

मी वाकून बघितलं. कडेच्या अगदी जवळ, नखाएवढी चीर. रेघ आडवी तुटलेली.

“आणि तुटलंय बी न्हाई,” चाचा म्हणाले. “कापलंय.”

“उंदरानं असेल.”

“उंदराला इतकं सरळ येत न्हाई, पोरी.”

बोलायला वेळ नव्हता. चीर जुळवली, वर चांदीच्या कागदाची पट्टी, वर पारदर्शक टेप. गडबडीत पट्टी लांब कापली गेली आणि तिचं टोक भोकावर आलं, तिकडे लक्षच गेलं नाही. टीव्ही लावला. आता नवंच. मॅटवर कोणी उभं नाही आणि डावा बाण आपोआप दाबलेला. एका गाण्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, पडद्यावरची गाण्यांची यादी वेड्यासारखी डावीकडे पळत होती.

“हे बघा! आधी मेलेला होता, आता भूत झालंय!” मी टेप ओरबाडायला निघाले तसा चाचांनी माझा हात धरला.

“थांब. चिकटलंय ते. वरचं खालच्याला टेकून बसलंय. असं बघ, तंबोऱ्याची तार खालच्या पट्टीला, घोडीला, पक्की टेकली की मुकी होते. सुटी राहिली की कोरडी वाजते. मग आमी काय करतो? तारेखाली दोरा सारतो. एवढासा. टेकल्यागत करायचं पण टेकवायचं न्हाई. रेशमी दोरा हाय?”

“रिळं पडलीत की ढिगानं.”

“मग त्या भोकावर चार दोरे आडवे-उभे ताणून बांध. बाज विणतात तसं. पाय पडला की दबेल, उचलला की सुटेल.”

मी डब्यात हात घातला आणि आलं ते रीळ काढलं. राणी रंगाचं.

सुईत दोरा ओवता ओवता मी थबकले. मघा हिसडून काढलेले टाके फरशीवर पडले होते. एक तुकडा उचलून रिळाशेजारी धरला. दोन रंग सारखे वाटले तरी एक नसतात, हे मला धंद्यानं शिकवलंय. हे दोन एकच होते. हे रीळ मी महिन्याभरापूर्वी नाडगौडा वहिनींच्या साडीच्या फॉलसाठी मुद्दाम रंग जुळवून आणलं होतं. आणि मागच्या फेरीला शमू आली होती तेव्हा, पाच वाजायच्या सुमारास, त्याच साडीसाठी वहिनी आल्या होत्या. मी पंधरा मिनिटं जिन्यात उभी राहून त्यांच्याशी बोलत होते. आत शमू एकटी होती. मशीनवर उसवणी होती.

“काय झालं?” चाचांनी विचारलं.

“काही नाही.”

माझे हात भोकावर दोरे ताणत होते आणि डोक्यात दुसरंच शिवलं जात होतं. हे सात वर्षांच्या पोरीला सुचणार नाही. कोणीतरी शिकवलंय. माई, माझ्या सासूबाई. ‘तिकडं त्या खेळापायी जातेस होय गं?’ असं म्हणाल्या असतील. किंवा सत्यजित. मंगळवार जवळ आला म्हणून. पोरीच्या हातानं पोरीचाच खेळ कापायला लावला. आज विचारायचंच. खरं काढायचं. बोलली तर मंगळवारी तेच बाईंना सांगायला लावायचं. वाक्यसुद्धा तयार झालं माझं: ‘आजीनं सांगितलं म्हणून मी कापलं.’ एवढं एक वाक्य, आणि सगळं फिरलं असतं.

शेवटची गाठ मारली. टीव्ही लावला. डाव्या बाणावर पाय ठेवला.

परफेक्ट.

चाचा उठले, गुडघे कडकडले त्यांचे. “अकरा वाजाय आलेत. तोंड धू आधी,” म्हणाले आणि खाली गेले.

खाली स्कूटर थांबली. सत्यजित वर येत नसे. “पाचला,” एवढंच म्हणायचा. शमू एकेक पायरी चढत आली. दोन वेण्या, निळा फ्रॉक, पाठीवर बॅग. आत आली आणि तिची नजर आधी मॅटवर गेली. कडा उसवलेल्याच होत्या, मी वरून नुसत्या टाचण्या टोचल्या होत्या.

“हे काय केलंस?”

“बिघडली होती. डावा बाण लागत नव्हता. केली नीट.”

“नीट झाली?”

“हो. बघ ना खेळून.”

तिचा चेहरा उतरला. मी बघितलं. आणि माझी खात्रीच झाली.

तिनं बॅग काढली, मॅटवर उभी राहिली. गाणं लागलं. पुढचा, मागचा, उजवा, सगळ्यांवर तिचे पाय बरोबर पडत होते. डावा बाण आला की ती नुसती उभी राहायची. मिस. पुन्हा आला. मिस.

“डावीकडे पण आहे ना गं?”

“नको.”

“का?”

गाणं संपलं. ती तशीच उभी होती, मला पाठमोरी, आणि तिच्या मानेवर वेणीतून सुटलेले बारीक केस घामानं चिकटले होते. माझा प्रश्न ओठांवर आला होता. कोणी सांगितलं तुला? तीनच शब्द. ते मी उच्चारले असते तर तिनं कुणाचं तरी नाव घेतलं असतं, हे मला आज पक्कं माहीत आहे. लहान मुलं आपल्याला हवं ते नाव देतात.

तेव्हा एवढं कळत नव्हतं. फक्त त्या मानेकडे बघून तो प्रश्न बाहेर पडेना. मी राणी रंगाचं रीळ आणि सुई घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसले.

“शमू, तुझे टाके फार मोठे पडलेत. बारीक कसे घालायचे दाखवू?”

ती दगडासारखी झाली. मग हळूच खाली बसली, गुडघ्यांत तोंड घातलं.

“रागावणार?”

“नाही.”

“पप्पांना सांगणार?”

“नाही.”

टीव्हीवर पुढच्या गाण्याचं तेच तेच संगीत वाजत होतं. मग गुडघ्यांमधून आवाज आला, “गाणं लागलं की पाच लगेच वाजतात.”

मी रीळ खाली ठेवलं.

“आणि तू लांब बसतेस. कॉटवर,” ती म्हणाली. “मला वाटलं, बिघडलं की तू खाली येशील.”

मी हात लांब करून टीव्ही बंद केला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की खालून चाचांच्या कानशीचा आवाज ऐकू यायला लागला. ती माझ्याकडे सरकली. मांडीवर नाही, नुसती चिकटून. पण दीड वर्षात पहिल्यांदा.

मग काय झालं, तर आम्ही दोघींनी मिळून मॅट पुन्हा बिघडवली. तीच म्हणाली, “आता हे परत काढायचं?” मी म्हटलं, “काढू या.” मी टाचण्या काढल्या, तिनं चांदीची पट्टी तोंडाचा चंबू करून अलगद सोलली. ताणलेले दोरे मी तिला कापू दिले, उसवणीनं, माझा हात तिच्या हातावर धरून. सकाळी मी ज्यासाठी रडले होते ते पाच मिनिटांत उलगडलं. मग कडेची पट्टी शिवायला बसलो. तिचे टाके, माझे टाके, एक आड एक. भात लावला तेवढ्यापुरती मी उठले. जेवताना तिनं विचारलं, “नीट करायला किती वेळ लागला तुला?”

“चार तास.”

“एका बाणाला?”

“एका बाणाला.”

“मग सगळे बाण बिघडले तर?”

“अगं बाई! मग तर पंधरा दिवस लागतील,” मी हसत म्हणाले.

ती घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आमटी तिखट झाली.

मंगळवारबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. तिला काही पढवलं नाही. तयार केलेलं वाक्य आमटीबरोबर गिळून टाकलं. पाचला हॉर्न वाजला. जिन्याच्या वळणावरून तिनं मागे बघितलं, हे त्याआधी कधी झालं नव्हतं. मी वर आले आणि खिडकीतून चाचांना हाक मारली.

“चाललं का गं?” त्यांनी विचारलं.

“चाललं, चाचा. परत बिघडवलं.”

त्यांनी सतारीच्या भोपळ्यावरून हात न उचलता वर बघितलं. “बरं,” म्हणाले.

मला वाटलं होतं, आता ती माझी. सोमवार मी गाणं गुणगुणत काढला, माझंच मला नवल वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात वकिलांनी बोलावलं. बाईंचा अहवाल आला होता. त्यांनी वाचून दाखवला. मुलगी शांत आहे, विचारलेल्या प्रश्नांना मोजकी उत्तरं देते. आईच्या घरी असलेलं एकमेव खेळणं पूर्णपणे बिघडलेलं आहे, असं ती पुन्हा पुन्हा, स्वतःहून सांगते. सुट्टीत मुक्कामासाठी आईचं घर सध्या पुरेसं अनुकूल वाटत नाही.

“मी म्हणालो होतो ना, काहीतरी असू दे घरात,” वकील म्हणाले. “एवढंसं खेळणं ते, ताई. दुरुस्त करून ठेवायचं होतं.”

“केलं होतं,” मी म्हणाले.

“मग?”

मी पिशवी उचलून निघाले. मिरजेला परत येताना बसमध्ये माझ्या मांडीवर दुसऱ्या कुणाचं तरी मूल झोपलं होतं, त्याची आई उभी होती म्हणून. मी त्याच्या डोक्याला हात लावला नाही. पुन्हा पुन्हा, स्वतःहून. आम्हा दोघींचं गुपित तिनं सरळ परक्या बाईपुढे ठेवलं. का ठेवलं, ते मी तिला विचारलं नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तो मे महिना मी एकटीनं काढला. पुढच्या मे महिन्यातही मला पंधरा दिवस मिळाले नाहीत. त्याच्या नंतरच्या दिवाळीत मिळाले, चार.

त्या चार दिवसांतली गोष्ट. सकाळी गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली मॅट होती, तशीच, चार घड्यांत. शमू आता नऊ पुरी करून दहाव्यात होती. तिनं ती उलगडली आणि कडेचे टाके बघून खदखदा हसली.

“आई, मी किती वेडी होते ना! त्या कोर्टातल्या बाईंना मी सांगितलं होतं की सगळे बाण बिघडलेत. एक नाही, सगळे.”

मी गादी तशीच हातात धरून उभी होते. “का गं सांगितलंस असं?”

“तूच नाही का म्हणालेलीस? एकाला चार तास, सगळ्यांना पंधरा दिवस.” ती पुन्हा हसली. “मला वाटलं, बाई म्हणतील, अरे बापरे, मग जा बाई आईकडे पंधरा दिवस. मी तर तीनदा सांगितलं. त्या नुसत्या लिहीत बसल्या.”

ती मॅटवर पालथी पडून टाके मोजायला लागली. हे तुझे, हे माझे. मी गादी गच्चीत नेली, उन्हात टाकली आणि तिथंच, पाण्याच्या टाकीच्या आड, ती हाक मारेपर्यंत बसून राहिले.

आता ती तेरा वर्षांची आहे. शुक्रवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी इथूनच शाळेत जाते. शनिवारी ती क्लासला गेली की मला पाऊण तास मिळतो. पिकोच्या साड्या बाजूला सारून, कटिंगच्या कागदांच्या पाठीवर मी हे तीन शनिवार लिहितेय. मॅट अजून गादीखाली आहे. डावा बाण लागत नाही. जिन्यात पावलं वाजतायत, दोन-दोन पायऱ्या एकदम.